चेरी श्रिंपच्या बायबॅकमध्ये माझे ८६,९२० रुपये गेले

पहिलं सांगते, माझे श्रिंप, म्हणजे टाकीत पाळायची शोभेची छोटी कोळंबी, मेले नाहीत. लोकांना वाटतं हिला सांभाळता आले नसतील म्हणून आता पैशाच्या नावानं रडते. मराठवाड्यातला उन्हाळा, पारा ४२ वर, टाकीवर टेबल फॅन लावून आणि फ्रीजरमधल्या बर्फाच्या बाटल्या बदलत बदलत मी पाणी २८ डिग्रीच्या वर जाऊ दिलं नाही, रात्री दोनला उठून सुद्धा बघायचे. आज दोन टाक्यांत चारशेच्या वर श्रिंप आहेत. पण करारातल्या भावानं एकही जात नाही, आणि तो जाऊ नये याची सोय मला ही स्कीम विकणाऱ्या माणसानं आधीच करून ठेवली होती.

स्कीम कशी असते ते तुम्हाला माहीतच आहे. इमू झालं, २०१९ ला कडकनाथ झालं, आता कोळंबी. सेट आमच्याकडून घ्या, पिल्लं आम्हीच परत घेऊ. इमूवाल्यांच्या वेळी आमच्या घरात सगळ्यांनी नावं ठेवली होती. पण याला शेत लागत नाही, शेड लागत नाही, हॉलच्या कोपऱ्यात होतं, आणि मी घरी शिकवण्या घेते, मुलं कमी झालेली, मोठ्याची कॉलेजची फी तोंडावर. मी हावरट नव्हते, मला महिन्याला आठ-दहा हजार हवे होते फक्त.

आकडे लिहून ठेवा. जून २०२४ मध्ये दोन फुटी दोन टाक्या, स्पंज फिल्टर, एअर पंप, माती मिळून ३१,५०० (हाच सेट आमच्या गावातला दुकानदार ९ हजारात देत होता, मी नंतर विचारलं, आधी विचारायला हवं होतं). लाल चेरी ‘ब्रीडर ग्रेड’ ५० नग, ३०० रुपयांनी १५,००० आणि ट्रेनिंगचे ३,५००. म्हणजे सरळ ५० हजार. पावती मागितली तर म्हणाला, ताई, व्हॉट्सॲपवर पाठवतो, आणि पाठवली ती एक्सेलची शीट. पक्कं बिल नाही तर पैसे नाही, हे तिथंच म्हणायचं असतं.

काम मी नीट शिकले. मादी मोठी, पोटाची कड गोलाकार, डोक्यामागं पिवळसर सॅडल (अंगात तयार होणारी अंडी) दिसतं, मग अंडी पोटाखाली येतात, वीस-तीस असतात, तीन-चार आठवडे ती घेऊन फिरते. पिल्लं थेट छोट्या श्रिंपसारखीच निघतात. नोव्हेंबरमध्ये त्यानं ४० पिल्लं घेतली, १२० रुपयांनी, आणि ४,८०० त्याच दिवशी खात्यात आले. घरात पेढे आणले आम्ही. बायबॅकचं पहिलं पेमेंट वेळेवर आलं की लगेच सावध व्हा, ते तुमचेच पैसे असतात.

डिसेंबरमध्ये म्हणाला, लालला आता रेट पडणार, निळे आणि पिवळे घ्या. ६० नग, ४५० रुपयांनी २७,०००. कराराचं डिपॉझिट १०,०००. आणि ‘ग्रेडिंग सर्टिफिकेट’ ४,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,७२०. जीएसटी घेतला पण जीएसटी नंबर कशावरच नाही! मी विचारलं, नवीन टाकी लागेल का? म्हणाला कशाला खर्च करता, सगळे एकाच जातीचे आहेत, भांडत नाहीत, एकत्रच सोडा.

तेव्हा माझी आई शेजारी तांदूळ निवडत बसली होती. फोन स्पीकरवर होता. ती म्हणली, एकाच जातीचे आहेत तर मग रंग मिसळणार नाहीत का गं? आपल्या लाल कंधारीला दुसरा वळू लावला तर वासरू लाल कंधारी राहतं का? आणि मी, बीएस्सी झालेली बाई, तिला म्हणलं, आई तू मधे बोलू नको, हे वेगळं असतं. हे वाक्य मला रोज आठवतं. त्या विषयावर ती एक अक्षर बोलली नाही नंतर, आजपर्यंत नाही. माझ्या बाजूनं एवढंच म्हणेन की ज्यानं पहिले पैसे वेळेवर दिले त्याच्यावर माणूस विश्वास ठेवतोच.

एप्रिलमध्ये पिल्लं दीड सेंटीमीटरची झाली आणि बहुतेक मळकट तपकिरी, काही पाण्यासारखी पारदर्शक. लाल, निळा, पिवळा हे सगळे निओकॅरिडिना या एकाच कोळंबीचे माणसानं निवडून निवडून तयार केलेले रंग आहेत, एकत्र सोडले की पुढच्या पिढ्या मूळ जंगली रंगाकडं जातात. हे श्रिंप पाळणाऱ्या कुठल्याही पोराला माहीत असतं, त्याला तर शंभर टक्के माहीत होतं. कारण करारात कलम ७ होतं, ‘केवळ मूळ रंगाची पिल्ले स्वीकारली जातील.’ मी ते वाचलं होतं. सही पण केली होती. फोटो पाठवले तर दोन शब्द आले, ग्रेड रिजेक्ट. मग ब्लॉक.

मला तरी वाटलं कोणीतरी घेईल. थर्माकोलच्या डब्यात ६० पिल्लं घेऊन देवगिरीनं रात्रभर मुंबईला गेले, कुर्ल्याच्या मासळीवाल्या गल्लीत, म्हणजे शोभेच्या माशांच्या. एका म्हाताऱ्या दुकानदारानं पिशवी उजेडात धरली आणि म्हणाला, मिक्स आहेत ताई, सहा रुपये नग. त्याच्या काचेत चांगले लाल २५ ला होते. विकणाराच २५ ला विकतोय, तर घेणारा १२० ला कसा घेईल? एवढा एक भाव जूनमध्ये विचारला असता तर. तुम्ही आधी दोन दुकानांत जा आणि *विकायला* आलोय असं सांगून भाव विचारा, घ्यायला आलोय असं नाही.

आता पोलीस. ठाण्यात ड्युटीवरचे साहेब म्हणाले, कोळंबी खायची असते मॅडम, आणि बाकीचे हसले. मग ही दिवाणी बाब आहे, करार आहे ना, कोर्टात जा. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला तर ते म्हणाले पिन तुम्हीच टाकलाय. सायबरवाले म्हणाले हा धंद्यातला वाद आहे, आर्थिक गुन्हे शाखेत जा. तिथं म्हणे रक्कम लहान आहे, अजून लोक घेऊन या. मत्स्यव्यवसायवाले म्हणाले आम्ही खाण्याच्या माशांचं बघतो. बँकेनं फॉर्म दिला, भरला, उत्तर नाही. पाच ठिकाणी पाच वेळा तीच गोष्ट पहिल्यापासून सांगितली, झेरॉक्सचेच ३४० रुपये झाले, आणि एकानंही कलम ७ वाचलं नाही! वाचलं असतं तर कळलं असतं की फसवायचा हेतू कागदावरच आहे. लाख-दीड लाखाच्या आतलं फसवणं यांच्या लेखी फसवणंच नाही का? मग लोक हजार जणांकडून थोडे थोडे घेणार नाहीत तर काय?

तक्रार तोंडी देऊ नका, लेखी द्या, आवक नंबर घ्या. ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं लेखी पाठवता येतं, तशी तरतूद आहे, मी पाठवलंय. ग्राहक आयोगात ‘तुम्ही धंदा केला म्हणून ग्राहक नाही’ असं सांगून परत पाठवतील, ऐकू नका, पोट भरायला स्वतः करत असलेला व्यवसाय कायद्यात ग्राहकातच धरलाय, आणि ५ लाखापर्यंत फी पण नाही. चॅट डिलीट करू नका, मी रागात अर्धं केलं.

एकूण गेले ९१,७२०, आले ४,८००. ज्यांच्या करारात कलम ७ हेच आहे आणि ज्यांना रंग एकत्र सोडायला सांगितलं, त्यांनी लाज सोडून आपापल्या जिल्ह्यात लेखी तक्रार द्या आणि आवक नंबर जपून ठेवा. आर्थिक गुन्हे शाखेला अजून लोक हवेत, मी सोमवारी परत जाणार आहे, या वेळी आईला घेऊन.