इंडस्ट्रियल फॅन शिकायचे कुठे: वर्गात की साइटवर?

वर्गात फॅनचे नियम पक्के होतात. त्याच डक्टवर (हवा नेणाऱ्या नळीवर) फॅनचा वेग 20 टक्के कमी केला की हवा 20 टक्के घटते, दाब 64 टक्क्यांवर येतो, पण वीज जवळपास निम्मीच लागते, कारण ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. मग डॅम्पर (हवा अडवणारी झडप) आवळण्यापेक्षा व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) का परवडतो, हे वेगळं सांगावं लागत नाही.

साइटवर पिटो ट्यूबने (हवेचा वेग मोजायच्या नळीने) रीडिंग घ्यायला हात बसतो, सैल बेल्टचा आवाज कानाला कळतो. शिवाय मोटरच्या फेज (विजेच्या तारा) उलट जोडून ती उलटी फिरली तरी सेंट्रिफ्युगल फॅन (हवा मध्यातून ओढून कडेने फेकणारा) हवा पुढेच ढकलतो, फक्त कमी. यात भलेभले फसतात!

तरी नवख्याने आधी वर्गच करावा. नुसत्या साइटवर बहुधा ‘मोठी मोटर लाव’ एवढंच शिकायला मिळतं.