साडेसहाशेचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर आणि काकांच्या पिकअपचा पी०१७१

पाचपैकी साडेतीन स्टार. दीड का कापले ते पुढे येतंच.

काकांचा जुना पिकअप आहे, मूळचा पेट्रोल, नंतर बाहेरून सीएनजी किट बसवून घेतलेला. इंदूरमधे कॅटरिंगची भांडी वाहतो आणि लग्नसराईत खंडवा रोडने बडवाहकडे फेऱ्या असतात. दिवाळीनंतर भेरूघाट चढताना झटके द्यायला लागला, रेस दाबली तरी ओढ नाही, आणि एक दिवस चेक इंजिनचा दिवा लागला तो जाईचना. एका गॅरेजवाल्याने मशीन लावून दोन मिनिटांत निकाल दिला, "भिया, ऑक्सीजन सेंसर गया, साढ़े तीन हजार." दुसरा म्हणाला एअर फ्लो सेन्सर स्प्रेने साफ करा, आता गंमत अशी की या गाडीत एअर फ्लो सेन्सर नाहीच, मॅनिफोल्डवर (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांवर) प्रेशरचा सेन्सर आहे, साफ काय करणार डोंबल? काका म्हणाले बाबू तूच बघ काय ते, म्हणून हा डबा मागवला, गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड आणि आकडे मोबाईलवर दाखवणारा.

ईएलएम३२७ (अशा स्कॅनरमधली मूळ चिप) म्हणून विकतात, अर्थात क्लोन म्हणजे नक्कल आहे. यावर १.५ व्हर्जन असं छापलंय आणि मूळ कंपनीने १.५ कधी काढलंच नव्हतं, १.४ नंतर एकदम २.०, त्यामुळे छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. स्टिअरिंगखाली १६ पिनचं सॉकेट असतं तिथे लावायचा, ब्लूटूथला १२३४ टाकायचं, टॉर्क अ‍ॅपचं फुकट व्हर्जन पुरतं. आयफोनवाल्यांनी हा घेऊ नये, जोडलाच जात नाही, वायफायवाला बघा.

कोड आला पी०१७१, म्हणजे मिक्श्चर लीन, हवा जास्त किंवा इंधन कमी. आता हा कोड कुठला पार्ट गेला हे सांगतच नाही! ऑक्सिजन सेन्सरने बिचाऱ्याने सायलेन्सरमधे ऑक्सिजन जास्त दिसतोय एवढंच कळवलं आणि आपण त्यालाच फाशी द्यायला निघालो. खरी कामाची गोष्ट फ्युएल ट्रिम. कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के इंधन वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा, शॉर्ट टर्म म्हणजे आत्ताचा आणि लाँग टर्म म्हणजे सवयीने शिकलेला. शून्याच्या आसपास पाच-दहा इकडेतिकडे चालतं, बऱ्याच गाड्यांत २०-२५ च्या वर राहिला की दिवा लागतो.

मग रविवारी काका गाडी चालवतायत, मागे पातेली भरलेली, मी शेजारी मोबाईल धरून. सीएनजीवर उभ्या गाडीत लाँग टर्म ९, सपाट रस्त्यावर १५, सिमरोल सोडून घाट लागला तसा २४ आणि त्यात भर शॉर्ट टर्म १२. म्हणजे जितकं ओझं तितकं इंधन कमी पडतंय. गाडी इंजिनच्या पाइपातल्या फटीतून जादा हवा खेचत असती तर उलटं झालं असतं, आयडलवर (उभ्या गाडीत) आकडा जास्त आणि रेस दिली की खाली. एक मात्र, रेस पूर्ण दाबून आकडे घेऊ नका, तेव्हा कॉम्प्युटर बहुधा सेन्सरचं ऐकणंच सोडून देतो, अर्ध्या-पाऊणवर घ्या.

आणि मग सगळ्यात भारी टेस्ट जी फक्त आपल्या दोन इंधनवाल्या गाड्यांनाच जमते: परत येऊन घाटाच्या पायथ्याशी पेट्रोलवर टाकली. शॉर्ट टर्म लगेच वजा १८! मी घाबरलो, पण ते बरोबरच होतं, कारण लाँग टर्म अजून सीएनजीच्या सवयीने वाढवून देत होता. वीसेक मिनिटांत तो उतरत ३ वर आला आणि परत घाट चढलो तर ४. म्हणजे सेन्सर ठीक, हवेची गळती नाही, सायलेन्सरही फुटलेला नाही, ते काहीही असतं तर पेट्रोलवरही दिसलं असतं.

सीएनजी फिटरकडे नेली, त्याला आकडे दाखवले, तो आधी हसला, मग रिड्युसरच्या (गॅसचं प्रेशर कमी करणाऱ्या भागाच्या) पुढचा फिल्टर उघडला तर आत काळं तेल. पंपावरच्या कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर थोडंथोडं येत राहतं म्हणे. फिल्टर आणि मजुरी मिळून चारशे. हे मात्र घरी उघडायला जाऊ नका, गॅसच्या सिलिंडरमधे २०० बारचं प्रेशर असतं.

आता कापलेले स्टार. आकडे रेंगाळत येतात, घाटात दोनदा कनेक्शन तुटलं (काकांनी मलाच झापलं), एबीएस-एअरबॅगचे कोड वाचत नाही, आणि सॉकेटला सतत बॅटरीचा करंट असतो त्यामुळे रात्रभर लावून ठेवला तर सकाळी धक्का मारायची वेळ येऊ शकते, आम्ही मारलाय. कोड क्लिअर करायचं बटण आहे पण आधी दाबू नका, कोड आला तेव्हाची नोंद आणि शिकलेला ट्रिमही पुसला जातो, आधी स्क्रीनशॉट काढा.

आणि हो, तुमची गाडी बीएस४ (धुराच्या प्रदूषणाचे नियम) च्या आधीची असेल तर सॉकेट आहे का ते पाहूनच मागवा. फिल्टर बदलून सहा आठवडे झाले, काल काका बडवाहला भरलेली गाडी घेऊन गेले, घाटात तिसऱ्यावर चढली म्हणाले. डबा आता डॅशबोर्डच्या खणात, काका लिंबूमिरचीसारखा ठेवतात.