झिर्कोनिया ब्रिज: 38 महिन्यांच्या वापरानंतर

खाली उजवीकडची पहिली मोठी दाढ काढावी लागली, तिच्या जागी तीन दातांचा झिर्कोनिया ब्रिज आहे. झिर्कोनिया म्हणजे पांढरं, कडक सिरॅमिक; ब्रिज म्हणजे शेजारच्या दोन दातांवर कॅप बसवून त्यांना मध्ये जोडलेला कृत्रिम दात. बसवून 38 महिने झाले. हा माझा दुसरा ब्रिज. पहिलाही झिर्कोनियाचाच होता आणि तो का गेला ते आधी सांगते, कारण ब्रिज करायला निघालेल्यांनी तेच ऐकायला हवं.

पहिल्याचा आतला सांगाडा झिर्कोनियाचा, वर पोर्सेलिनचा थर. दिसायला हुबेहूब दात. तिसऱ्या वर्षी भडंग खाताना कच्चकन आवाज आला. वाटलं, खडा आला. जीभ फिरवली तर दाढेच्या कोपऱ्याला धार लागली. पोर्सेलिनचा टवका उडाला होता, सांगाडा शाबूत. डॉक्टरांनी धार घासून दिली, काम भागलं.

पाचव्या वर्षी मागच्या दाढेला थंड पाणी झोंबायला लागलं. ब्रिज कापून काढायलाच पाऊण तास गेला, इतका तो कडक. आत दाढ कडेपासून किडलेली. कॅपची कड आणि दात यांच्यात फट राहिली होती. दरवर्षी तपासणीला जात होते, तरी ती कुणी दाखवली नाही, याचा मला आजही राग येतो. दाढेचं रूट कॅनल करावं लागलं.

संगणकावर कोरलेल्या अशा ब्रिजचा झुरिच विद्यापीठातला पाच वर्षांचा पाठपुरावा 2007 साली प्रसिद्ध झाला. त्यात सांगाडे जवळजवळ सगळे टिकले, पण 21.7 टक्के ब्रिजखाली कीड लागली आणि 15.2 टक्के ब्रिजच्या पोर्सेलिनचे टवके उडाले. यंत्रणा तेव्हा सुरुवातीची होती, कडा नीट बसत नव्हत्या. वाचताना माझीच केस पेपर वाचतेय असं वाटलं.

म्हणून या वेळी अखंड झिर्कोनिया घेतला, वर थर नाही. मापाला तोंडात पेस्ट भरली नाही, छोट्या कॅमेऱ्याने स्कॅन केलं. लॅबमध्ये खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून ब्रिज मुद्दाम मोठा कोरतात. मग सुमारे 1500 अंशांवर भाजला की तो वीसेक टक्के आकसतो आणि कडक होतो. हा हिशोब चुकला तर कड बसत नाही, म्हणून सिमेंट लावण्याआधी एक्स-रे काढून कड बघायला लावली. दात कुठे जास्त टेकतो ते दाखवणाऱ्या निळ्या कागदावर चावल्यावर एक ठिपका उंच निघाला. तो घासला आणि तिथे पुन्हा पॉलिश केलं. हे पॉलिश सोडू देऊ नका. खरखरीत झिर्कोनिया समोरचा दात झिजवतो.

रंग शेजारच्या दातांपेक्षा किंचित पांढरा आणि मंद आहे. मागे असल्याने कुणाला दिसत नाही. भाकरी, शेंगदाणे, चिक्की सगळं त्या बाजूने खाते. ऊस मात्र सोलून, तुकडे करून.

त्रास एकच. मधल्या दाढेखाली अन्न अडकतं. पहिले काही महिने मी नुसता ब्रश करत होते आणि सकाळी तोंडाला वास यायचा. आता रोज रात्री सुपरफ्लॉसचं (दात साफ करायचा दोरा, टोक कडक आणि मधला भाग फुगीर) कडक टोक ब्रिजखालून ओवते आणि फुगीर भाग दोन्ही आधाराच्या दातांच्या कडेला घासून काढते. दोन मिनिटं लागतात. हिरडीतून रक्त येणं बंद झालं.

गेल्या महिन्याच्या एक्स-रेत दोन्ही कडा स्वच्छ आहेत. वरच्या दाढेवर झिजेची बारीक चकाकी दिसली, तिचा फोटो काढून ठेवलाय. सहा महिन्यांनी पुन्हा काढून शेजारी ठेवून बघणार आहोत.