फोनचं चुकीचं बिल: कंपनीकडे अपील की ग्राहक आयोग?

आईच्या पोस्टपेड बिलात न मागितलेल्या कॉलर ट्यूनचे पैसे लागले होते. कस्टमर केअरने दिलेला तक्रार क्रमांक मी कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवला. तो जपाच, दोन्ही वाटांवर तोच पुरावा.

पहिली वाट कंपनीतलीच. ट्रायच्या (दूरसंचार कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी नियामकाच्या) २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रारीचं समाधान झालं नाही, तर ३० दिवसांत कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. फी नाही, आणि निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. पण निकाल देणारा माणूस कंपनीचाच, हे मला खटकतं. (ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही.)

दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. २००९ च्या एका निकालामुळे टेलिफोनच्या तक्रारी तिथे अडायच्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी टेलिकॉम कंपनीच्या प्रकरणात हे दार उघडं असल्याचं स्पष्ट केलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकिलाची सक्ती नाही, तक्रार करायला मुदत दोन वर्षं. मुख्य म्हणजे बिलाच्या रकमेसोबत मनस्तापाची भरपाई आणि खर्चही मागता येतो. तारखा मात्र पडतात, धीर लागतो.

शंभर-दोनशे रुपयांसाठी मी अपीलच करेन. पण वादातल्या बिलापायी नंबर बंद केला, वसुलीवाले घरी फोन करू लागले, तर सरळ आयोगात जावं.