‘बी धरण्यासाठी जोडी’ म्हणून घेतलेली ब्रुगमान्सिया: दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी लिहिलेला अनुभव

ब्रुगमान्सिया म्हणजे धोतऱ्याच्या कुळातले, कर्ण्यासारखी मोठी लोंबती फुले येणारे झाड. जर्मनीत ते कुंडीत वाढवणाऱ्यांना याहून जास्त ओळख करून देण्याची गरज नाही, म्हणून मूळ तक्रारीवरच येतो. गेल्या वर्षी वसंत ऋतूत एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी दोन रोपे मागवली. ‘दोन वेगळ्या जाती, बी धरण्यासाठी जोडी’ असे त्यांचे वर्णन होते आणि सुट्या दोन रोपांपेक्षा या जोडीची किंमत बारा यूरोंनी जास्त होती. हे बारा यूरो मी विचारपूर्वक दिले, कारण ब्रुगमान्सिया आर्बोरियासारखा अपवाद सोडला तर हे झाड सहसा स्वतःचे पराग स्वीकारत नाही आणि बी हवे असेल तर दुसऱ्या, वेगळ्या झाडाचे पराग लागतातच.

हिवाळ्याबद्दल थोडक्यात लिहितो. सोबतच्या पत्रकात ‘थंडीपूर्वी गुडघ्याएवढे छाटा’ असा सल्ला होता. तो मी पाळला नाही आणि तुम्हीही पाळू नका. खोडाला पहिला दुबेळका फाटा फुटतो त्याच्या वरच्या भागालाच फुले येतात. त्या भागातल्या पानांच्या बुडाच्या दोन बाजू एकसारख्या नसतात, ही त्याची खूण आहे. फाटा छाटून टाकला तर झाडाला पुन्हा तेवढी उंची गाठावी लागते, फुले पार सप्टेंबरवर जातात आणि मग फळ पिकायला वेळच उरत नाही. मी फाट्याच्या वर हातभर फांद्या राखल्या आणि दोन्ही कुंड्या पाच ते दहा अंशांच्या अंधाऱ्या तळघरात, जेमतेम पाणी देत ठेवल्या. फेब्रुवारीत त्या नुसत्या काटक्या दिसत होत्या आणि एक तारा देऊन परीक्षण लिहायला मी बसलोही होतो. पण नखाने साल खरवडली तर आत हिरवीगार निघाली. मेच्या मध्यानंतर, रात्रीच्या हिमाची भीती सरल्यावर, कुंड्या बाहेर काढल्या आणि जूनअखेर दोन्ही झाडे लगडली. इथपर्यंत माझे मत पाच ताऱ्यांवर आले होते.

या फुलांचे परागण दक्षिण अमेरिकेतल्या त्यांच्या मूळ प्रदेशात बहुतेक जातींत लांब सोंडेचे निशाचर पतंग करतात. आमच्या बाल्कनीत त्यांचा भरवसा नाही, म्हणून ते काम हातानेच करावे लागते. फूल उमलते त्या संध्याकाळी एका झाडाचा फुटलेला परागकोश चिमट्याने काढून दुसऱ्याच्या ओलसर कुक्षीवर, म्हणजे फुलातल्या पराग धरणाऱ्या टोकावर, अलगद फिरवायचा. मी दोन्ही दिशांनी, अनेक फुलांवर हे केले. प्रत्येक वेळी पाकळ्यांचा कर्णा गळला, मग देठ सांध्यापाशी पिवळा पडला आणि हिरवे अंडाशयही टपकन खाली आले.

विक्रेत्याला लिहिले, तर उत्तर आले की कुंचला मऊ वापरा. दोन्ही झाडे एकच जात असल्याचा मला संशय होता, म्हणून मी दोन्हींच्या फुलांची छायाचित्रे पाठवली: तोच पीच रंग, पाकळ्यांच्या टोकांना तेच मागे वळलेले लांब आकडे, बाह्यकोशाची (फुलाच्या बुडाच्या हिरव्या आवरणाची) तीच एका बाजूची चीर. त्यावर मला सांगण्यात आले की रंग तापमानाप्रमाणे आणि फुलाच्या वयाप्रमाणे बदलतो. हे खरे आहे, पण आकडे आणि चीर तापमानाने बदलत नाहीत. ब्रुगमान्सियाची एकही जाती आज रानात उरलेली नाही अशी आंतरराष्ट्रीय नोंद आहे. बागांतली ही झाडे मुख्यतः फांद्या लावूनच पसरत आली आहेत आणि फांदीपासून वाढलेले रोप मूळ झाडाचीच प्रत असते, त्यामुळे चिठ्ठ्या दोन असल्या तरी झाड एकच असणे सहज शक्य आहे. अशा वेळी चिठ्ठी खरी असणे हाच मालाचा अर्धा दर्जा असतो.

शेवटी शेजारच्या आजींच्या पांढऱ्या फुलांच्या जुन्या झाडाचे पराग मागून आणले. त्याच चिमट्याने, त्याच पद्धतीने आणि त्याच आठवड्यात ते लावले. या वेळी देठ हिरवे राहिले, जाड होऊ लागले, आणि माझ्या दोन्ही झाडांवर फळे धरली. म्हणजे झाडे वांझ नव्हती आणि कुंचल्याचाही प्रश्न नव्हता.

फळ पाहून आपल्याकडचा माणूस गोंधळेल, कारण धोतऱ्याच्या बोंडासारखे यावर काटे नाहीत आणि पिकल्यावर ते आपण होऊन तडकतही नाही. गुळगुळीत, लांबट, हिरवे फळ कित्येक महिने तसेच लोंबत राहते. देठ सुकून फळ पिवळट-तपकिरी झाले की मगच काढायचे. आतले बी बुचासारख्या जाड आवरणात असते. हाताळताना हातमोजे घाला, कारण सगळे झाड विषारी आहे आणि रस डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन नजर धूसर होते.

आता पुन्हा थंडी आली आहे आणि फळे अजून पुरती पिकलेली नाहीत. अंधारात पाने गळली तर फळेही गळतील, म्हणून या वर्षी तळघर नाही. फळे धरलेली कुंडी खिडकीपाशी, साधारण बारा अंशांच्या खोलीत ठेवली आहे आणि त्या खोलीचा हीटर त्यापुढे मी जाऊ देत नाही. ज्या कुंडीवरची फळे वाऱ्याने पडली ती मात्र खुशाल खाली गेली.

झाडाला साडेचार तारे. अर्धा तारा पाण्याच्या आणि खताच्या अफाट भुकेसाठी कापला आहे. विक्रेत्याला एक. जोडीचे जास्तीचे बारा यूरो परत मागितले तेव्हा त्याने पाच यूरोंचे कूपन पाठवले, तेही पन्नास यूरोंच्या वरच्या खरेदीवरच चालणारे. पैसे खात्यात जमा झाले तर इथे तशी नोंद करीन.