द्राक्षबागेसाठी मॅग्नेशियम: सल्फेट घ्यावं की नायट्रेट?

जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला की दुखणं मॅग्नेशियमच्या कमतरतेचं आहे हे बागायतदाराला सांगावं लागत नाही. मणी फुगवणीनंतर आपण पोटॅश वाढवतो, त्याने मुळांची मॅग्नेशियमची उचल दबते, आणि वेल जुन्या पानांतलं काढून नव्या पानांना देतो. खरा प्रश्न पडतो तो दुकानात. सल्फेटची गोणी उचलायची की नायट्रेटची? दोन्ही माझ्या बागेत वापरून झाली आहेत, त्यावरून लिहितो. जमीन आणि पाणी बदललं तर अनुभवही थोडा बदलेल.

मॅग्नेशियम दोन्हींत जवळपास सारखंच, साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. फरक आहे तो सोबत काय येतं याचा. सल्फेटबरोबर 12 ते 13 टक्के गंधक येतं, नायट्रेटबरोबर जवळपास 11 टक्के नत्र. नायट्रेट महागही पडतं. औषधाच्या दुकानात कोमट पाण्यात पाय बुडवायला एप्सम सॉल्ट मिळतं, ते म्हणजे हेच सल्फेट. इंग्लंडमधल्या एप्सम गावच्या पाण्यात सतराव्या शतकात ते सापडलं, म्हणून ते नाव.

नायट्रेटची एक बाजू मात्र निर्विवाद भक्कम आहे. ते कॅल्शियम नायट्रेटबरोबर एकाच टाकीत चालतं, सल्फेट चालत नाही. दोन ग्लासांत कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेटचं वेगवेगळं घट्ट द्रावण करा आणि एकमेकांत ओता. बघता बघता पाणी दुधासारखं होतं आणि तळाला पांढरा गाळ बसतो. तो जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. व्हेंच्युरीतून (ठिबकच्या पाण्यात खत ओढून सोडणारं साधन) हाच गाळ लॅटरलमध्ये, म्हणजे ठिबकच्या नळ्यांमध्ये गेला की ड्रीपर बंद पडतात, आणि जिप्सम ॲसिडलाही सहज दाद देत नाही. ज्याला सगळी खतं एकाच वेळी सोडायची आहेत, त्याला नायट्रेटच सोयीचं.

तरीही माझ्या शेडमध्ये सल्फेटच असतं. कारण आहे नायट्रेटची फोडलेली गोणी. फळछाटणीच्या (फळं धरण्यासाठी पावसाळ्याच्या शेवटी होणारी छाटणी) सुमाराला पाऊस पुरता गेलेला नसतो, हवा दमट असते. नायट्रेट हवेतलं पाणी इतकं ओढतं की तोंड बांधून ठेवलेल्या गोणीतही आधी ढेकळं होतात, मग तळाशी चिकट पाणी सुटतं. पसारा आवरता येतो, मोजमापाचं काय करायचं? काट्यावर किलो भरतो, पण त्यात खत किती आणि हवेतलं पाणी किती, हे कळायला मार्ग नाही. फवारणीत लिटरला दोन-तीन ग्रॅमचा हिशेब सांभाळणाऱ्या माणसाला हे फार खुपतं.

सल्फेटचं उलट होतं. उन्हाळ्यात कोरड्या हवेत त्याचे चकचकीत खडे पांढरे, भुरभुरीत पडतात. खडा स्वतःतलं पाणी सोडतो, त्यामुळे किलोमागे मॅग्नेशियम किंचित वाढतं, कमी होत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर पडलेली गोणीही मी निर्धास्त वापरतो.

दुसरी गोष्ट नत्राची. मण्यात पाणी उतरायला, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागल्यावर मला वेलीचा शेंडा वाढत राहिलेला नको असतो, आणि मॅग्नेशियमची ओरड नेमकी तेव्हाच जास्त असते. तेव्हा नायट्रेटमधलं थोडंसं नत्रही मला जड वाटतं. खरड छाटणीनंतर (फळं काढल्यावर उन्हाळ्यात होणारी छाटणी) नवी फूट अशक्त असेल, तर तेच नत्र कामाला येतं. तेवढ्यासाठी कुणी नायट्रेट घेत असेल तर मी नको म्हणणार नाही, फक्त गोणी एका वेळेला संपेल एवढीच आणावी.

ड्रीपच नसेल, तर कीझेराइट बघावं. जर्मनीत खाणीतून निघणारं हे एकपाणी, म्हणजे खड्यात पाण्याचा एकच रेणू धरलेलं मॅग्नेशियम सल्फेट. त्यात मॅग्नेशियम जास्त असतं, पण ते सावकाश विरघळतं. मातीत मिसळायला उत्तम, टाकीत नको.

कॅल्शियमची अडचण मी वार वाटून सोडवली आहे. सोमवारी कॅल्शियम नायट्रेट, मध्ये एक साधं पाणी, गुरुवारी सल्फेट. ड्रीपर अजून तरी मोकळे आहेत.