कोर्टाजवळचं झेरॉक्सचं दुकान, विजयनगर, सांगली : ४ स्टार (एक कापलाय, कारण खाली)

विजयनगरला कोर्टाच्या आजूबाजूला झेरॉक्सवाले ढिगानं आहेत, पण केसचे कागद असतील तर गल्लीतल्या ह्या काकांकडंच जावा. दुसरीकडं गठ्ठा मशीनला लावतात अन् मोबाईल बघत बसतात. काका आधी टाचण्या काढतात, कोपरे सरळ करतात, पानं मोजतात अन् मगच बटण दाबतात.

आमच्या दाजींवर मारामारीची केस होती, जिल्ह्यातल्याच एका कोर्टात, कुठल्या ते सोडा. चार्जशीटचे तीन सेट पाहिजे होते. काका मोजता मोजता थांबले, म्हणाले, "४१ नंतर डायरेक ४४ कसं ओ? मधली दोन पानं घरी राहिली का?" बघतोय तर निळ्या पेनानं टाकलेले नंबर खरंच तुटलेले, अन् आम्हाला गठ्ठा मिळाला होता तोच तसा.

वकिलांनी अर्ज टाकला. सरकारी वकील म्हणाले नजरचुकीनं राहिलं, अन् पुढच्या तारखेला पानं हजर. चहाच्या गाडीवाल्याचा जबाब होता, भांडण मिटल्यावर दाजी तिथं आले असं स्वच्छ लिहिलेलं! दाजी सुटले पण तोवर तारखा खाऊन खाऊन माणूस अर्धा झाला, आणि नजर नेमकी कुणाची चुकली हे शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही.

खरंतर कायदा आहे की. आरोपीला सगळ्या नकला फुकट द्यायच्या, १४ दिवसांच्या आत, बीएनएसएस म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं कलम २३० (जुन्या कायद्यात, सीआरपीसीत, २०७). पोलिसांनी जे कागद केसमध्ये वापरले नाहीत त्यांचीपण यादी द्या असं सुप्रीम कोर्टानं २०२१ ला सांगितलंय. त्याच कोर्टाच्या २०१४ च्या किशनभाई निकालात तर आरोपी सुटला की तपास करणारे आणि केस चालवणारे यातलं कोण चुकलं ते शोधा, खात्याची कारवाई करा असं सगळ्या राज्यांना बजावलंय. आमच्यात कुणाला साधी नोटीस गेल्याचं ऐकलं नाही. बीएनएसएसमध्येच कलम २७३ ची भरपाई आहे म्हणे, पण ती बिनबुडाची फिर्याद देणाऱ्याकडनं, पान दाबणाऱ्याकडनं नाही. विधी आयोगानं २०१८ ला २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी वेगळी कोर्टं सुचवली, तेबी कागदावरच. काकांकडं एक पान तिरकं आलं तर न मागता दुसरं काढून देतात, पैसे घेत नाहीत.

असो, दुकानाबद्दल. रेट बाकीच्यांएवढाच, पाठपोट काढलं तर थोडं कमी, स्पायरल मजबूत. स्टार कापला कारण दुपारी कोर्टाची सुट्टी झाली की हे पण शटर ओढून जेवायला जातात, नेमकी तवाच गर्दी असते राव. मोठा गठ्ठा असेल तर आदल्या संध्याकाळी टाकून या, अन् पेनड्राइव्ह अजिबात देऊ नका, त्यांच्या कॉम्प्युटरला व्हायरस आहे.